शेठचा झुला आणि कापगत्यांची चक्री

"औंदा नवं काय आणलं गा, मिस्त्री?"

भाऊबीज सरली की हा प्रश्न मला दिवसातून कितीतरी वेळा ऐकावा लागायचा. पानवाला विचारायचा, पोलीस पाटील विचारायचे, उसाची बंडी घेऊन आलेला शेतकरी बैल सोडायच्या आधी विचारायचा. आमच्या धंद्याचं पोट याच प्रश्नावर चालायचं आणि आमच्या मालकाची झोपही यानंच उडायची.

धंदा म्हणजे झुल्याचा. पुस्तकात त्याला रहाटपाळणा किंवा आकाशपाळणा म्हणतात, आमच्याकडं नुसता झुला. देश स्वतंत्र झाला त्याच सुमारास मी गोंदियाच्या एका धानगिरणीतली फिटरची नोकरी सोडली आणि पन्नाशेठच्या झुल्यावर मिस्त्री म्हणून लागलो. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. घरच्यांना वाटलं, पोरगं वाया गेलं. मला वाटलं, गिरणीत कोंडा खाण्यापेक्षा मंडईत धूळ खाल्लेली बरी. आज इतक्या वर्षांनीही मला तसंच वाटतं.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. तुमच्याकडं मंडई म्हणजे भाजीबाजार. आमच्या झाडीपट्टीत मंडई म्हणजे दिवाळीनंतरचा गावमेळा. लवकर येणारा हलका धान कापून झालेला असतो, उशिराचा भारी धान अजून बांधीत, म्हणजे खाचरात, उभा असतो, लोकांना चार दिवस उसंत असते. आज या गावची मंडई, उद्या शेजारच्या गावची. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, दंडारवाले नाचतात, शिंगाडे आणि ऊस विकायला येतात. आणि गावाबाहेरच्या मोकळ्या बांधीत झुले उभे राहतात.

आमच्या टापूत झुलेवाले दोन. एक आमचा पन्नाशेठ. मूळचा बांगड्या-टिकल्यांचा व्यापारी, हिंदी बोलणारा, कुडव्याच्या वाटेवर त्याचं गोदाम. दुसरे काशीरामजी कापगते. जातिवंत सुतारकाम येणारे, आपली चक्री आणि छोटा झुला स्वतःच्या हातानं घडवलेले. चक्री म्हणजे लाकडी घोड्यांचं गोल फिरणारं खेळणं. मधे खांब, वर घोड्यांसोबतच फिरणारं ताडपत्रीचं छप्पर आणि माणसांनी धावत ढकलायचं. त्यांच्या सोबतीला त्यांची बायको अनुसयाबाई. तिकिटाची पेटी मांडीवर घेऊन ती बसलेली असायची आणि तिच्या नजरेतून उंदीरसुद्धा फुकट आत जात नसे.

दोघांनाही दर दिवाळीला नवं काही दाखवावं लागायचं. पण दोघांच्या तऱ्हा वेगळ्या. शेठ पावसाळ्यात नागपूरला जायचा, कधी कलकत्त्याला जायचा आणि इथं कुणी पाहिलं नसेल असं काहीतरी घेऊन यायचा. कापगते कुठंच जात नसत. ते मंडईतच उभे राहून लोकांच्या पायांकडं बघायचे. एका वर्षी त्यांनी घोड्यांना रिकिबी लावल्या, कारण लहान पोरांचे पाय लोंबकळायचे. एका वर्षी झुल्याच्या पाळण्यांतले सगळे खिळे काढून लाकडी खुंट्या ठोकल्या, कारण खिळ्याला अडकून बायांची लुगडी फाटायची. हे "नवं" कुणाला दिसायचं नाही. पण लुगडं फाटलं नाही, हे बाईच्या लक्षात राहायचं.

शेठ मला म्हणायचा, "मिस्त्री, वो आदमी रंधा चलाता है, धंदा नहीं."

मलाही तेव्हा तसंच वाटायचं.

झुल्याचं काम सोपं दिसतं, पण त्यात एक मेख आहे. समोरासमोरच्या पाळण्यांत वजन सारखं पाहिजे. एका बाजूला जाड सावकार बसवला, तर त्याच्या समोर दोन मास्तर बसवायचे. माणूस बघून त्याचं वजन ओळखणं हा माझा अर्धा धंदा. नवरा-बायको एकत्र बसायला मागायचे आणि मी त्यांना एकमेकांच्या समोर बसवायचो. मग एक वर गेला की दुसरा खाली. लोकांनी मला त्यावरून पुष्कळ शिव्या दिल्या आहेत.

एकदा एक मालगुजार, म्हणजे गावाचे जुने जमीनदार, आले. मालगुजारी नुकतीच सरकारनं काढून घेतली होती, पण फेटा तसाच होता. ते पाळण्यात बसले आणि म्हणाले, "माझ्या वरती कोनी बसलं नाई पाहिजे."

मी म्हटलं, "मालक, झुला गोल आहे. एकदा तुमी वर, एकदा दुसरा वर."

"ते मले सांगू नको. मी वरच राहीन."

शेठनं मला डोळ्यानं खुणावलं. मी झुला फिरवला, मालगुजार अगदी टोकाला गेले आणि तिथंच झुला थांबवला. खाली लोक चढ-उतार करायला खोळंबले. मालगुजार वर ऐटीत बसून राहिले. काही वेळानं त्यांनी फेटा सारखा केला. मग खालून भज्यांचा वास वर गेला असावा. त्यांनी खाकरून विचारलं, "का गा, आता किती वेळ ठेवून राह्यला मले इथं?"

"तुमी म्हनाल तेवढा वेळ, मालक."

"बरं बरं, फिरव आता. होऊ दे एखांदा वरती."

पुढं ते दर वर्षी यायचे आणि बिनतक्रार खाली-वर व्हायचे.

आता शेठच्या गुंतवणुकीची गोष्ट. पहिली वीज. दुसरी मोठी लढाई संपल्यावर मिलिटरीचं जुनं सामान लिलावात निघालं होतं. शेठनं त्यातून एक जनरेटर उचललं. मी ते खोलून, धुऊन, पुन्हा बसवलं आणि झुल्याच्या अंगाला लाल-हिरवे बल्ब लावले. त्या वर्षी पहिली मंडई तिरोड्याच्या बाजूच्या एका गावात होती. त्या गावात कुणी बल्ब पाहिला नव्हता.

दिवेलागणीला मी इंजिन सुरू केलं. बल्ब पेटले आणि सगळी मंडई एकदम गप्प झाली. मग लोक धावत आले. शेठचे डोळे भरून आले. पण थोड्या वेळानं आमच्या लक्षात आलं, की लोक येतात, बल्बाखाली उभे राहतात, माना वर करून बघतात आणि तिथंच राहतात. तिकीट कुणीच काढत नव्हतं. एक म्हातारा तर घोंगडं अंथरून बसला. मी म्हटलं, "बाबाजी, झुल्यात बसा ना." तो म्हणाला, "झुल्यात बसलो तं दिवे मागं राहतेत. इथून बेस दिसून राह्यलं."

तेवढ्यात कापगत्यांनी आपली चक्री हलवली. खांब उपटला, घोडे उचलले आणि आमच्या उजेडाच्या काठावर आणून मांडले. त्यांच्याकडं दोन गॅसबत्त्या होत्या, त्याही त्यांनी विझवून टाकल्या. आमच्या बल्बांच्या उजेडात त्यांचे घोडे खऱ्यासारखे चमकायला लागले. बल्ब पाहून पोट भरलं की लोक वळायचे आणि समोरच्या चक्रीवर बसायचे.

शेठ संतापला. "बत्ती बंद कर!"

मी इंजिन बंद केलं. सगळ्या मंडईतून असा काही आवाज उठला, की झाडावरचे बगळे उडाले. एव्हाना दंडारवालेही आमच्या उजेडात येऊन नाचत होते, भजीवालीनं आपली कढई आणली होती. पोलीस पाटील काठी टेकत आले.

"शेठजी, दिवे लावता, का झुला काढता बांधीतून?"

दिवे लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी कापगते उसाची मोळी घेऊन आमच्या राहुटीवर आले. "शेठजी," ते हात जोडून म्हणाले, "पुढच्या मंडईत तुमचा झुला कोनत्या अंगाले उभा राहून राह्यला, तेवढं आधी सांगून ठेवा."

शेठनं ऊस घेतला नाही. मी घेतला.

पुढं एक-दोन वर्षांनी शेठनं आणलं मौत का कुआँ. फळ्यांची मोठी उभी विहीर आणि तिच्या आतल्या भिंतीवर फिरणारी फटफटी. फटफटीही त्याच मिलिटरीच्या लिलावातली. चालवणारा रायपूरकडचा एक तरणा पोरगा, पाटीवर नाव मास्टर दिलावर. खरं नाव त्यानं आम्हाला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. ते विचारायला हवं होतं असं आता फार वाटतं.

तो खेळ बघून लोक वेडे झाले. विहिरीच्या काठावर चढून खाली बघायचं आणि फटफटी गरगरत पायाशी आली की किंचाळायचं. देवरीकडचे एक गोंड आजोबा सगळा खेळ शांतपणे बघून मला म्हणाले, "वरपर्यंत येते तं बाहेर काऊन नाई निंगत?" मी तो प्रश्न दिलावरला सांगितला. तो हसला आणि म्हणाला, "रोज यही सोचता हूँ, मिस्त्री."

त्या वर्षी कापगत्यांची चक्री ओस पडली. अनुसयाबाई पेटी मांडीवर घेऊन बसलेली असायची आणि कापगते लाकडी घोड्यांवरची धूळ पुसत राहायचे. शेठ खुशीत होता. मीही होतो. जिंकणाऱ्याच्या बाजूला असलं की जेवणाला चव येते.

मग आमगावच्या पलीकडच्या एका मोठ्या मंडईत दिलावरला हिवताप भरला. सकाळपासून त्याचे दात वाजत होते. दुपारी खेळाची वेळ झाली. शेठनं आधीच तिकिटं विकून ठेवली होती आणि काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. लोक लांबून आले होते, बायका-पोरांना बंडीत घालून. उशीर झाला तशी त्यांनी फळ्यांवर लाथा मारायला सुरुवात केली. सगळी विहीर थरथरायला लागली. मी खाली उभा होतो. एकेक खुंटी सुटताना मला दिसत होती.

दिलावर उठला. "मैं चला लूँगा, शेठ."

त्याला धड उभंही राहता येत नव्हतं. त्यानं फटफटीचं हँडल धरलं आणि फटफटी त्याच्याच अंगावर कलली. मी ती सावरली. शेठ एकदा त्याच्याकडं बघत होता, एकदा वर लोकांकडं.

तेवढ्यात विहिरीच्या बारक्या दारातून अनुसयाबाई आत आली. तिच्या राहुटीपर्यंत आवाज गेला असावा. तिनं दिलावरच्या कपाळाला हात लावला आणि शेठकडं वळली.

"हा पोरगा गाडीवर बसला, तं मी इथं मधातच आडवी पडतो. चालवा म्हना मंग माझ्यावरून."

"भाभीजी, बाहर पब्लिक मार डालेगी हमको," शेठ म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता.

"ते आमचे पाहून घेतेत."

तिचे "ते" म्हणजे कापगते. बाहेर येऊन पाहतो तर गडी आपल्या चक्रीच्या लाकडी घोड्यावर उभा. एका हातानं खांब धरलेला, दुसऱ्या हातात परात आणि लाटणं. परात बडवून त्यांनी सगळी मंडई आपल्याकडं वळवली.

"आइका गा सप्पा, सारेजन! फटफटीवाल्या पोराले ताप भरला. तो आज बसत नाई. पर ज्याच्याजवर विहिरीचं तिकीट असन, त्यानं इकडं यावं. माझ्या चक्रीवर चालन, झुल्यावरबी चालन. घोड्याले ताप येत नाई!"

लोक हसले. तो हशा ऐकून माझे पाय पहिल्यांदा जमिनीला लागले. काही शिव्या देत उतरले, काही कुरकुरत, पण उतरले. दिवस मावळेपर्यंत कापगत्यांची चक्री थांबली नाही आणि त्या फेऱ्यांचा त्यांनी एक पैसाही घेतला नाही. ढकलणारी माणसं दमली तेव्हा मी आणि आमचे गडी जाऊन ढकलायला लागलो.

शेठ त्या संध्याकाळी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं मला पाठवलं. "जा, पूछ के आ. उसने ऐसा क्यों किया?"

कापगते एका घोड्याचा उखडलेला कान चिकटवत बसले होते. मी विचारलं. ते म्हणाले, "मिस्त्री, लोक चिडून घरी गेले असते, तं पुढच्या साली झुल्याच्या नावानंच तोंड फिरवलं असतं. त्याईले थोडीच माहीत हाय, शेठचा कोनता अन् कापगत्याचा कोनता? त्याईच्यासाठी आपन सप्पा एकच."

मी ते शेठला जसंच्या तसं सांगितलं. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "गन्ना लिया था ना तूने उस दिन? मीठा था?"

दिलावरला अनुसयाबाईनं आठवडाभर आपल्या राहुटीत ठेवून घेतलं, पेज पाजली. बरा झाल्यावर तो गाडीनं गावी गेला तो परत आला नाही. कुठंतरी दुकान टाकलं असेल, नातवंडं असतील, अशी मी माझी समजूत घालून घेतली आहे.

पुढच्या उन्हाळ्यात शेठनं मला गोदामात बोलावलं. विहिरीच्या फळ्या त्यानं विकून टाकल्या होत्या. "मिस्त्री, अब आदमी पे पैसा नहीं लगाना. लोहे पे लगाना. लोहे को बुखार नहीं आता."

आणि आम्ही लोखंडी झुला बांधला. सबंध पावसाळा मी आणि दोन लोहार त्या गोदामात घाम गाळत होतो. लाकडी झुल्याच्या दुपटीहून उंच, इंजिनावर फिरणारा, पाळण्यांना छत. शेठनं घरातलं होतं नव्हतं ते त्यात घातलं, शेठाणीच्या पाटल्याही. माझ्या आयुष्यात मी त्याहून देखणी वस्तू बनवली नाही. हे लिहिताना मला लाज वाटत नाही.

एवढं धूड रोज या गावातून त्या गावात हलवता येईना. म्हणून शेठनं हिवाळ्यातली एक जत्रा धरली, चोरखमारा तलावाखालच्या एका मोठ्या गावची, आठवडाभर चालणारी. झुला उभा राहिला तेव्हा झाडांच्या शेंड्यांवरून दिसत होता. पहिल्या दिवशी तरुण गडी तुटून पडले. दुसऱ्या दिवशी ते कमी झाले, कारण जेवढे होते तेवढे बसून झाले होते. बायका मात्र येईनात. त्या येऊन उभ्या राहायच्या, वर बघायच्या, काखेतलं लेकरू सारखं करायच्या आणि निघून जायच्या.

आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कापगत्यांच्या चक्रीवर बायांचीच झुंबड. हसणं, ओरडणं, पदर सावरणं, पुन्हा तिकीट. शेठला कळेना. "उसने नया क्या लाया? जा, देख के आ."

मी गमछा डोक्यावरून घेऊन गर्दीतून गेलो. अनुसयाबाईनं मला लांबूनच ओळखलं.

"या मिस्त्रीभाऊ. चोरून कायले पाह्यता? समोरून पाहा. झाकाचं काई नाई."

तिनं मला चक्रीच्या मागं नेलं. तिथं चार बल्ल्या रोवून त्यावर सावलीला पळसाचे डगाळे टाकले होते आणि आडव्या बांबूंना ओळीनं झोळ्या टांगल्या होत्या. जुन्या लुगड्यांच्या. प्रत्येक झोळीत एक लेकरू. काही झोपलेली, काही अंगठा चोखणारी, एक जोरात रडणारं. एक म्हातारी सगळ्यांच्या दोऱ्या एका हातात धरून एकदमच झोके देत होती.

"लेकरू काखेत घेऊन बाई झुल्यात कशी बसन?" अनुसयाबाई म्हणाली. "एवढे वर्स मी पाहून राह्यली. येतेत, पाह्यतेत अन् जातेत. औंदा म्हटलं, लेकरू माझ्याजवर ठेवा, अन् तुमी बसा."

हेच त्यांचं त्या वर्षीचं नवं. चार बल्ल्या आणि जुनी लुगडी.

मी परत येऊन सांगितलं तेव्हा शेठ लोखंडी झुल्याच्या सावलीत खुर्चीवर बसला होता. तो हसला नाही. जत्रेचे उरलेले दिवस असेच गेले, तर झुला भंगारात घालावा लागेल, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. माझी चूल त्याच्याच चुलीला लागून होती. शेवटी तो उठला, टोपी घातली आणि स्वतः मैदान ओलांडून गेला. मी मागं.

"भाभीजी," तो म्हणाला, "ये झोलियाँ मुझे दे दो. जो दाम बोलोगी, दूँगा."

अनुसयाबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "झोळ्या न्या ना शेठजी, लुगडेच तं हायेत. पर लेकरं कोन सांभाळन? तुमी?"

शेठ झोळ्यांकडं बघत राहिला. रडणाऱ्या पोरानं नेमका तेव्हाच सूर चढवला. कापगते रंधा बाजूला ठेवून आले. "शेठजी, कायले नेता? तुमीच झुला इकडं आना. बाया आमच्या घोड्यावर बसतीन, मंग तुमच्या झुल्यावर बसतीन. लेकरं तिथंच राहतीन."

"और तुमको क्या मिलेगा?"

"तुमचे दिवे," कापगते म्हणाले आणि दोघंही एकदम हसायला लागले. शेठला तसं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

लोखंडी झुला सोडून पुन्हा बांधायला आम्हाला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. झोळ्यांचा मांडव शेठनं मोठा केला, पाण्याचे रांजण ठेवले. आणि बाया आल्या. सासू-सुना, नणंदा-भावजया, जंगलाच्या कडेच्या गावांतल्या गोंड बाया केसांत फुलं खोचून. वर गेल्या की त्यांना तलावाचं पाणी दिसायचं, आणि त्या एकमेकींना आपापल्या गावांची झाडं दाखवायच्या.

गर्दी थोडी ओसरल्यावर शेठ अनुसयाबाईसमोर जाऊन उभा राहिला. "भाभीजी, आप नहीं बैठीं?"

"मी?" ती म्हणाली. "मी कवाच बसली नाई. आमच्याच झुल्यावर नाई, तुमच्यावर कायले बसू?"

"अवो, बस ना एकडाव," कापगते म्हणाले. "लेकरं मी पाह्यतो."

बराच वेळ नाही-होय झालं. मग तिनं पेटीला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि पाळण्यात बसली. मी समोरच्या पाळण्यात दोन गडी बसवले. झुला वर गेला तशी तिनं दोन्ही हातांनी दांडा धरला, डोळे मिटले आणि पुढच्या फेरीला उघडले. खाली कापगत्यांच्या दोन्ही काखांत एकेक लेकरू होतं, तिसरं धोतराला धरून उभं होतं आणि झोळीतली बाकीची एकदमच उठली होती.

"रोकना मत, मिस्त्री," शेठ म्हणाला. "एक चक्कर और."

उतरली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. आम्ही सगळे ती काय म्हणते याची वाट बघत उभे. ती सरळ नवऱ्याकडं गेली, एक लेकरू त्यांच्या हातातून घेतलं आणि म्हणाली, "आपल्या चक्रीचं छप्पर वरून कसं दिसते, पाह्यलं का कधी? सप्पा थिगळंच थिगळं. जो कोनी शेठच्या झुल्यावर चढते, त्याले आपले थिगळंच दिसून राह्यले. मले तं शरम वाटली."

दुसऱ्या दिवशी सकाळी कापगत्यांनी चक्री बंद ठेवली. छप्पर खाली उतरवून जमिनीवर पसरलं आणि पिवळ्या-काळ्या रंगाचे डबे घेऊन त्यावर गुडघे टेकले. दुपारी छप्पर पुन्हा चढलं. खालून काहीच कळत नव्हतं. शेठनं कुतूहलानं दोन-तीनदा मान उंचावून पाहिली, त्यालाही काही दिसलं नाही.

मग आमचा झुला फिरला आणि टोकावरच्या पाळण्यातून एक बाई किंचाळली. पाठोपाठ दुसरी. मी घाबरून इंजिनाकडं धावलो. पण त्या हसत होत्या, खाली बोट दाखवत होत्या. उतरून ज्या-त्या बाईनं ज्याला-त्याला सांगितलं आणि बघता बघता आमच्या झुल्यापुढं रांग लागली. कापगत्यांनी सगळ्या छपरावर एक भला मोठा पट्टेरी वाघ काढला होता, खांबाभोवती गोल वळलेला, तोंड शेपटीपाशी. चक्री फिरायला लागली की तो वाघ आपलंच शेपूट धरायला धावायचा. आणि तो दिसायचा फक्त आमच्या झुल्यावरून.

आमच्या लोखंडी झुल्यावर त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गर्दी त्या दिवशी झाली. ती झाली वाघ बघायला, आणि वाघ त्यांचा होता.

शेठ रांगेत उभा राहिला. मालक असून त्यानं तिकीट काढलं, आपला नंबर येईपर्यंत थांबला आणि पाळण्यात बसला. झुला टोकाला गेला तेव्हा तो मला दोन्ही हातांनी टोपी हवेत नाचवताना दिसला.

"मिस्त्री! अरे, दौड़ रहा है! देख, दौड़ रहा है!"

खाली कापगत्यांनी मान वर केली. त्यांनी चक्री ढकलणाऱ्यांना हातानं थांबवलं, तोंडाभोवती पंजे धरले आणि ओरडले, "शेठजी, उतरू नका! आता उलटा फिरवतो!"

माणसांनी पाठी वळवल्या, घोड्यांना उलट्या बाजूनं रेटा दिला आणि वाघ शेपटीकडून मागं मागं पळायला लागला.